फुलबाजी कुणाला काही करत नाही

सुतळी बॉम्बनं आमच्या घरात आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. करणार कसं? तो लावायला जाणारा माणूस हातभर उदबत्ती पुढे धरतो, मागचा पाय आधीच पळायच्या तयारीत ठेवतो आणि वात पेटली की नाही हे न बघताच पळत सुटतो. बाकीचे कान दाबून दाराआड. रॉकेटचीही तीच गत. त्याला बाटलीत बसवून आम्ही बाटलीपासून दहा हात लांब.

आमच्याकडे जेवढ्या म्हणून इजा झाल्या, तेवढ्या फुलबाजीनं केल्या. सासऱ्यांच्या धोतराला तीन भोकं, सौ.च्या पैठणीच्या पदरावरचा डावीकडून दुसरा मोर, मेव्हण्याची अर्धी मिशी आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा. एवढा जमाखर्च समोर असताना दर दिवाळीला सासूबाई पहिलं वाक्य तेच म्हणतात, "पोरांना फुलबाज्या द्या रे. फुलबाजी कुणाला काही करत नाही."

अंगठ्याचं सांगतो. परवाच्या नाही, त्याआधीच्या नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान करून मी तुळशीपुढे कारीट फोडायला उभा राहिलो. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट. उजव्या पायाखाली काय आहे हे बघायची पद्धत आपल्याकडे नाही. तिथे आमच्या चिरंजीवांनी, ओंकारनं, नुकतीच विझलेली फुलबाजीची तार टाकलेली होती. मी "गोविंदा!" असा काही ओरडलो की समोरच्या इमारतीतले काका गॅलरीत येऊन म्हणाले, "यंदा नरकासुर फार मनापासून मेला."

पुढच्या दहा मिनिटांत अंगठ्यावर सात जणांनी सात उपाय केले. सासूबाईंनी हळद लावली, सौ.नं टूथपेस्ट, मेव्हण्यानं किसलेला बटाटा. शेजारच्या वहिनींनी कोरफड आणली. कुणीतरी शाई सुचवली, पण घरात आता जेलपेनच उरल्यामुळे मी वाचलो. या सगळ्यावर सासऱ्यांनी तुपाचं बोट फिरवलं. अंगठा फराळाच्या ताटासारखा दिसायला लागला.

डॉक्टरांनी विचारलं, "यावर काय लावलंय?"

म्हटलं, "कुठल्या थरापासून सांगू?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "भाजल्याबरोबर नळाखाली वीस मिनिटं धरायचा होता. साधं गार पाणी. बाकी काही नाही."

वीस मिनिटं नळ सोडून ठेवायचा हा उपाय आमच्या घरात कुणाला सुचणं शक्यच नव्हतं. दाढी करताना मी दोन मिनिटं सोडला तरी आतून आवाज येतो.

त्या दिवसापासून मी स्वतःला आमच्या कुटुंबाचा फुलबाजी सुरक्षा अधिकारी नेमून घेतलं. पद बिनपगारी होतं. पुढे कळलं की ते बिनमानाचंही होतं.

कामाची सुरुवात खरेदीपासून. मी मूळचा वाईचा. डहाणूला बदलीवर आलो तो इथलाच झालो, पण इथल्या बाजाराची भाषा अजून मला पुरती वश नाही. स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन फुलबाज्या मागितल्या, तर शेठ म्हणाले, "तारामंडळ आपूं?"

आमच्याकडे तारामंडळ म्हणजे मुंबईला वरळीत जाऊन मान वर करून बघायची वस्तू. मी तसं म्हटल्यावर त्यांनी मायेनं समजावलं, "अरे भाई, तारामंडळ एटले तुमची फुलबाजी. आणि कोठी पण घेऊन जा. दोनशेला देतो."

डहाणूत दोनशे रुपयांना कोठी! चिकूच्या वाडीसकट देता का, असं मी विचारणारच होतो, तेवढ्यात त्यांनी काउंटरवर भुईनळ्यांचा खोका ठेवला. गुजरातची हद्द जवळ आली की भुईनळ्याची कोठी होते आणि भुईचक्राची चकरडी, हे ज्ञान मला इतक्या वर्षांनी झालं.

मग लांबीचा प्रश्न. सात सेंटिमीटर, दहा, बारा, पंधरा, तीस, पन्नास. मला वाटलं होतं फुलबाजी ही फुलबाजीएवढी असते. शिवाय साधी, रंगीत, तडतडी आणि इलेक्ट्रिक.

"इलेक्ट्रिक म्हणजे?"

"काडीनीच पेटवायची."

"मग इलेक्ट्रिक का?"

"खोक्यावर लिहिलंय."

अधिकाऱ्याला शोभेल अशा आवाजात मी म्हटलं, "आम्हाला ग्रीन हवी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलंय. नागपूरच्या नीरीनं ते कमी धुराचे फटाके काढलेत ना, त्यातली."

"ग्रीन? आहे ने!" म्हणून त्यांनी माळ्यावरचा एक धुळकट खोका काढून फुंकर मारली. घरी येऊन एक लावून पाहिली. ठिणग्या हिरव्यागार पडल्या. ओंकार दहावीत आहे आणि त्याला रसायनशास्त्रात बापापेक्षा जास्त कळतं, हे तो आठवड्यातून तीनदा सिद्ध करतो. तो म्हणाला, "बाबा, हा हिरवा रंग बेरियमचा. कोर्टानं बंद केलं ते हेच." म्हणजे ग्रीन म्हणून मी जी आणली ती तेवढी एकच गोष्ट ग्रीन नव्हती. डहाणू तालुका १९९१ पासून केंद्राच्या दफ्तरी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून नोंदलेला आहे. इथे कारखाना काढायचा तर दहा ठिकाणी नाक घासावं लागतं. मी मात्र सगळा नाजूकपणा पिशवीतून, घासाघीस करून, घरी आणला होता.

मेव्हणा, म्हणजे सतीश, बोरिवलीहून आला. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून तोही दर दिवाळीला डहाणूपर्यंत येतो. आल्याबरोबर त्यानं कपड्यांच्या बॅगेतून, बनियनच्या घडीतून, फुलबाज्यांचे सहा खोके काढले.

"भाऊजी, मुंबईत स्वस्त पडतात. साडेतीनशे वाचले."

मी अधिकारपदावर असल्यामुळे रेल्वे कायदा वाचून ठेवला होता. "सतीश, गाडीतून हे नेलं तर कलम १६४. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही."

त्यानं मनातल्या मनात हजारातून साडेतीनशे वजा केले. "मग सीटखाली ठेवले ते बरंच झालं. मी डब्यात दाराशी उभा होतो."

डहाणूच्या हवेत एक गोष्ट आहे. पारनाक्याकडून खारा वारा येतो आणि मीठ, पापड, चिवडा आणि फुलबाजी यांत भेदभाव न करता सगळ्यांना सादळवतो. त्यावर सौ.चा उपाय म्हणजे फटाके गच्चीवर ऊन खायला ठेवायचे. भाजणीच्या परातीशेजारी फुलबाज्यांची परात. कडक ऊन, शेजारी दारू आणि राखणीला सासरे, तेही बिडी ओढत. मी वर जाऊन पाहिलं आणि दोन्ही पराती घेऊन खाली पळालो. त्या गडबडीत भाजणीत काय सांडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण चकल्या यंदा खरोखरच तडतडीत झाल्या होत्या.

फुलबाजी पेटवणं हा आमच्याकडे सांघिक खेळ आहे. मेणबत्ती पेटवायची, वाऱ्यानं ती विझायची. तीन जणांनी तळव्यांचा आडोसा करायचा, चौथ्यानं काडी ओढायची. फुलबाजीचं टोक ज्योतीत धरायचं. धरायचं. धरतच राहायचं. "लागली का?" "लागली." "कुठे लागली?" "काळी झाली." पाच मिनिटांनी ती एकदम फुलते आणि लगेच चहूकडून ओरडा सुरू होतो, "माझी लावून घे! माझी लावून घे!" सात माणसं एका ठिणगीवर सात टोकं घेऊन तुटून पडतात. हळदीकुंकवाला वाण लुटायची वेळ झाली की बायका जशा जमतात, तशी. त्या झुंबडीत कुणाचं टोक कुणाच्या बाहीत आहे हे बाही सांगते तेव्हाच कळतं.

सतीशची मिशी अशीच गेली. पाच फुलबाज्या एकत्र बांधून लावल्या की पाचपट वेळ चालतील, असा त्याचा हिशेब. त्या पाचही एका दमात भडकतात, हे त्याच्या मिशीला आधी कळलं. उरलेली अर्धी त्यानं भाऊबीजेपर्यंत ठेवली होती, फोटोत एका बाजूनं उभं राहता येतं म्हणून.

सतीशची मनू चार वर्षांची. चकल्या तळताना ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली तरी घरातल्या पाच बायका एका सुरात ओरडतात, "मागे हो! तेल उकळतंय!" ते तेल फार तर एकशे ऐंशी अंशांवर असतं. त्याच संध्याकाळी त्यातल्याच एकीनं मनूच्या हातात पेटती फुलबाजी दिली. "नीट धर हं, बाळा. फिरव गोल गोल." ओंकार म्हणाला, "मामी, त्याच्या टोकाला हजार अंशांच्या पुढे तापमान असतं." मामी म्हणाली, "असू दे रे. छोटी आहे. सातची दिलीय." सेंटिमीटरची.

मग मलाही शंका आली. हजार अंश, तर ठिणग्या हातावर पडल्या तरी नुसतं हुळहुळतं कसं? ओंकारनं बापाला शिकवायची संधी सोडली नाही. ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कीस. तापते भयंकर, पण जीव केवढा! हवेतच थंड होते. खरी चेटकीण ती तार. वरचा तमाशा संपला, सगळे पुढच्या फुलबाजीकडे वळले, की ती काळीसावळी होऊन, गपचूप पडून, कुणाच्यातरी अंगठ्याची वाट बघते. मला आमच्या ऑफिसातल्या दोन साहेबांची आठवण झाली. एक दिवसभर तडतडायचे, त्यांचं कुणाला काही लागलं नाही. दुसरे कधी आवाज चढवायचे नाहीत. माझी डहाणूची बदली दुसऱ्यांनी केली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना कुठलीही वस्तू हातात दिली की तिचा इतिहास आठवतो, म्हणून लोक त्यांच्या हातात सहसा काही देत नाहीत. लक्ष्मीपूजनाला मी चुकून पेटती फुलबाजी दिली.

"दारूकाम ही आजची गोष्ट नाही," गुरुजींनी फुलबाजी खडूसारखी धरली. "भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोड्यांनी सगळा इतिहास काढून ठेवलाय. १४०० ते १९०० पर्यंतचा. एकनाथांच्या रुक्मिणी स्वयंवरात दारूकाम आहे. कृष्णाच्या लग्नात!"

"गुरुजी, निम्मी संपली."

"आणि पेशवाईत? महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन करून सांगितलं. चार दिवस लाखो दिवे. गावाबाहेर दारूची लंका उभारायची. दारूचे राक्षस, दारूचा रावण, मधोमध दारूचा हनुमान. त्याच्या शेपटीला बत्ती दिली की तो लंकेवर उडत..."

"गुरुजी, हात!"

हनुमान लंकेत पोचला त्याच क्षणी आग गुरुजींच्या चिमटीत पोचली. त्यांनी फुलबाजी सोडली ती माझ्या बादलीत. पेशव्यांनी ते ऐकून पर्वतीच्या पायथ्याशी काय काय करवलं, हे गुरुजींनी बोटं नळाखाली धरून, पूर्ण वीस मिनिटं, आम्हाला सांगितलं.

त्या बादलीचं सांगायचंच राहिलं. माझ्या योजनेचा कणा म्हणजे अंगणात पाण्यानं भरलेली एक बादली. विझलेली तार सरळ तिच्यात टाकायची. दुसरी बादली वाळूची. वाळू मी स्वतः किनाऱ्यावरून आणली. रात्री सोसायटीतल्या मांजरांनी तिचा जो अर्थ लावला, तो इथे सांगण्यासारखा नाही. पाण्याच्या बादलीची सेवा तर सगळ्यांनाच हवी होती. आल्यागेल्यानं तिच्यात पाय धुतले, वहिनींनी तुळशीला तांब्याभर घातलं, मनूनं तिच्यात बेसनाचा लाडू बुडवून पाहिला. तरी धनत्रयोदशीच्या रात्री त्या बादलीत साठ-सत्तर तारा जमल्या होत्या. एकही तार जमिनीवर नव्हती. मी समाधानानं झोपलो.

नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता उठलो. अंधार. अंगाला तेल, वर उटणं, डोळे मिटलेले. न्हाणीघराच्या दाराशी पाण्यानं भरलेली बादली. बायको किती समंजस आहे, पाणी काढून ठेवलंय, असं वाटून मला भरून आलं. पहिला तांब्या डोक्यावर घेतला तेव्हा पाणी गार लागलं. दुसऱ्याला त्यात काही काड्या आहेत असं वाटलं, मला वाटलं सुगंधी उटण्यातला वाळा असेल. तिसऱ्या तांब्याला केसांत सात-आठ तारा अडकल्या आणि तोंडावर राखाडी ओघळ आले. बाहेर आलो तेव्हा मनू किंचाळली आणि सासूबाईंनी मला पाहून देवाचं नाव घेतलं. बादली आत कुणी आणली? "मीच," सौ. म्हणाली. "रात्रभर अंगणात भरलेली बादली ठेवतात का? डास होतात."

भाऊबीज सौ.च्या धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे, तलासरीला. तिचं घर एका पाड्याच्या कडेला. समोर भाताची खाचरं, कापणी झालेली, खळ्यावर पेंढ्याचे ढीग. पलीकडे गवताची वखार. इथलं गवत ट्रकांत रचून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. म्हणजे चहूबाजूंनी काडी लावायचाच अवकाश. मी पाच पानी सूचनापत्रक घेऊन गेलो होतो. सुती कपडे, पायांत चपला, एका वेळी एकच फुलबाजी, हात लांब आणि टोक बाहेर, पोरांच्या पाठीशी एक मोठं माणूस, बादली दोन. सुनंदानं ते वाचून त्याच्यावर करंज्या ठेवल्या.

तलासरीच्या दिवाळीला आणखी एक पदर आहे. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात जमिनीनं हलायची सवय लावून घेतली. त्या हिवाळ्यात लोक घरं सोडून बाहेर झोपत होते. आता धक्के कमी झाले तरी कुठे धडाम झालं की पहिलं सगळे आकाशकंदिलाकडे बघतात. कंदील हलला तर भूकंप, नाही हलला तर सुतळी बॉम्ब. त्या संध्याकाळी कुणीतरी बॉम्ब लावला आणि वाऱ्यानं कंदीलही हलला. आम्ही सगळे ताटं घेऊन अंगणात. सुनंदाचा नवरा तेवढा शांतपणे जेवत होता. "भाऊजी, या बसा. जमीन हलते तेव्हा आधी कुत्री भुंकतात." तेवढ्यात कुत्रीही भुंकली. बॉम्बला.

तर अंगणात फुलबाज्या सुरू झाल्या. शेजारच्या सोमीआजी पायरीवर बसून बघत होत्या. त्यांची दिवाळी वाघबारशीला वाघदेवापुढे नारळ फुटतो तेव्हाच सुरू झालेली असते, पुढे घराघरांत करांदे नि कोनफळं शिजतात, रात्री तारप्यावर नाच. आमचं चाललेलं त्यांना जरा किरकोळच वाटत असावं. मी बादल्या मांडत होतो, सूचना वाचून दाखवत होतो, आणि तेवढ्यात सतीशनं विझत आलेली फुलबाजी उंच भिरकावायला हात मागे घेतला. लहानपणी फुलबाज्या झाडावर अडकवायची त्याला सवय. समोर पेंढा. सोमीआजी त्या वयात कशा उठल्या कळलं नाही, पण त्यांनी सतीशचं मनगट वरच्या वर धरलं. एक शब्द बोलल्या नाहीत. परसात गेल्या, घड उतरवलेल्या केळीचा हातभर खुंट कोयत्यानं तोडून आणला आणि अंगणात मधोमध उभा केला. सतीशच्या हातातली तार घेतली आणि त्यात खुपसली.

चुर्र.

एवढंच. खुंटातून पाण्याचा एक थेंब ओघळला. मनूला तो आवाज इतका आवडला की पुढचा तासभर ती फुलबाज्या विझायची वाट बघत होती. पोरांनी रांग लावली. चुर्र, चुर्र, चुर्र. एक तार जमिनीवर पडली नाही, कुणी बादलीत पाय धुतले नाहीत, आणि माझ्या सूचनापत्रकावरच्या करंज्या संपल्या.

निघताना मी तो खुंट मागून घेतला. डहाणूला सोसायटीत नमुना म्हणून दाखवावा, असा विचार. सौ. म्हणाली, "अहो, तिथे केळी काय कमी आहेत?" पण अधिकाऱ्याकडे पुरावा लागतो. शंभरेक काळ्या तारा चहूबाजूंनी उभ्या असलेला तो खुंट मी टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, डहाणूच्या एस.टी.त बसलो. वाटेत खड्ड्याला टॉवेल सरकला. तिकिटं फाडत कंडक्टर माझ्यापर्यंत आले, मांडीकडे पाहून दोन पावलं मागे सरले आणि हळूच म्हणाले,

"काका, साळिंदर गाडीत चालत नाही."